न थांबलेली शिंगे

मराठीत 'शिंग' हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंसाठी चालतो, आणि हरणांच्या विचित्र शिंगांविषयीचा निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. पोळ्याच्या आधी शेतकरी बैलाची शिंगे साळतो, रंगवतो, टोकांना शेंब्या बसवतो. वरवर साळताना बैलाला दुखत नाही, कारण बाहेरचे कवच आपल्या नखांसारखे केराटिनचे, निर्जीव असते. हाडाचा जिवंत गाभा त्याच्या आत झाकलेला असतो. हे शिंग आयुष्यभर एकच राहते, हळूहळू वाढते आणि त्याला फाटे फुटत नाहीत. गवा, नीलगाय, काळवीट, चिंकारा, चौसिंगा या सगळ्यांची शिंगे याच जातीची. चितळ, सांबर, भेकर आणि बाराशिंगा यांच्या डोक्यावर असते ते मात्र निराळेच काही. ते आरपार हाड असते, त्याला फाटे असतात, ते साधारणपणे फक्त नराला येते, आणि मुख्य म्हणजे ते गळून पडते व पुन्हा नव्याने उगवते. जुन्या घरांमध्ये सहाणेवर उगाळले जाणारे सांबरशिंग म्हणजे वस्तुतः अशा गळलेल्या हाडाचा तुकडा. बैलाचे शिंग वेडेवाकडे वाढले तर त्यामागे बहुधा मार लागल्याची किंवा वाढीच्या दिशेची साधी गोष्ट असते. हरणाचे शिंग वेडेवाकडे वाढते तेव्हा मात्र प्रश्न खोलवर जातो, कारण तिथे एक अख्खा अवयव दरवर्षी शून्यापासून बांधला जात असतो.

हे बांधकाम कसे चालते ते आधी पाहू. नराच्या कपाळाच्या हाडावर दोन खुंट्या असतात; त्यांना पेडिकल म्हणतात. जुने शिंग गळून पडले की खुंटीच्या टोकाला उघडी जखम राहते. काही दिवसांत तिच्यावर कातडी चढते आणि त्या कातडीखाली नव्या शिंगाचा कोंब फुगू लागतो. हा कोंब टोकाकडून वाढतो. आधी कूर्चा तयार होते, मागून तिचे हाड होत जाते, आणि या सगळ्यावर बारीक लव असलेली, रक्तवाहिन्यांनी व मज्जातंतूंनी भरलेली मखमली त्वचा ताणली जाते. या अवस्थेतले शिंग हाताला ऊबदार लागते, दुखते, आणि कापले तर भळाभळा रक्त येते. एल्क किंवा मूससारख्या मोठ्या जातींमध्ये त्याची लांबी दिवसाला सुमारे २ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकते. सस्तन प्राण्यांमध्ये इतक्या वेगाने वाढणारे दुसरे हाड नाही. लागणारे कॅल्शियम केवळ चाऱ्यातून पुरत नाही, म्हणून नर स्वतःच्या फासळ्यांमधून ते उसने काढतो आणि पुढे हळूहळू परत भरतो. माजाचा हंगाम जवळ आला की रक्तातले टेस्टोस्टेरॉन वाढते, शिंग कडक होते, मखमलीचा रक्तपुरवठा बंद पडतो, आणि नर झाडाच्या बुंध्यांवर घासून ती सोलून काढतो. माज ओसरतो, टेस्टोस्टेरॉन उतरते, खुंटी आणि शिंग यांच्या सांध्यावरचे हाड खास पेशी पोखरून टाकतात, आणि शिंग गळते.

एवढे वाचल्यावर सहजच वाटते की नवल आहे ते वाढीच्या वेगाचे. या प्रकरणाचे म्हणणे वेगळे आहे. झपाट्याने वाढणे ही जिवंत पेशींसाठी अवघड गोष्ट नाही. कर्करोगाची गाठही झपाट्याने वाढते. अवघड आहे ते ठरल्या वेळी, ठरल्या आकारावर, दोन्ही बाजूंना सारखेच थांबणे. सांबराच्या प्रत्येक शिंगाला सर्वसाधारणपणे तीन टोके येतात, चितळालाही तीन, आणि तिथे काम संपते. ही थांबण्याची व्यवस्था इतकी बिनचूक चालते की ती आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. ती लक्षात येते ती बिघडल्यावर. म्हणून विचित्र शिंगांकडे 'निसर्गाचा चमत्कार' म्हणून पाहून पुढे जाण्यात नुकसान आपलेच आहे. अशा प्रत्येक शिंगात थांबण्याची कुठली ना कुठली आज्ञा पोहोचलेली नसते किंवा चुकीच्या जागी पोहोचलेली असते, आणि ती कोणती हे शोधता शोधता सरळ शिंगाचे गुपित उलगडत जाते.

मात्र खरे विचित्र काय हे ठरवण्याआधी खोटे विचित्र बाजूला काढले पाहिजे, आणि आपल्याकडच्या जंगलांत हे काम जास्तच महत्त्वाचे आहे. युरोप-अमेरिकेतल्या हरणांचे शिंगांचे वेळापत्रक दिवसाच्या लांबीवर चालते. रिचर्ड गॉस या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने सिका हरणांना कृत्रिम प्रकाशात ठेवून हे दाखवले: प्रकाशाचे वर्ष आखडले की हरणे एका वर्षात एकापेक्षा अधिक वेळा शिंगे बदलत, आणि कायम १२ तास उजेड व १२ तास अंधार ठेवला तर वेळेचे भानच हरपून शिंगे बदलणे थांबे. ब्रिटनमधून न्यूझीलंडला नेलेल्या लाल हरणांनी आपले चक्र सहा महिन्यांनी फिरवून घेतले तेही याच कारणाने. विषुववृत्ताजवळ दिवस-रात्रीतला फरक कमी होतो आणि ही सक्ती सैल पडते. त्यामुळे चितळांच्या एकाच कळपात एक नर कडक शिंगांचा, दुसरा मखमलीतला आणि तिसरा नुकतीच शिंगे गळलेला असे एकाच दिवशी दिसू शकतात. कळपात अमुक काळात कडक शिंगांचे नर जास्त असतात हे खरे, पण प्रत्येक नराचे घड्याळ आपापले. म्हणून भलत्या महिन्यात मखमलीतले चितळ दिसले तर ते आजारी नसते. एकशिंगी चितळ दिसले तर बहुधा त्याचे दुसरे शिंग नुकतेच गळलेले असते, कारण दोन्ही शिंगे एकाच क्षणी गळतात असे नाही. मध्ये काही तास किंवा काही दिवस जातात. झुंजीत मोडलेले टोक, कपाळाजवळच्या फाट्याच्या बुडाशी आलेले एखादे जादा टोक, पाड्याचे पहिले साधे सुळके, म्हाताऱ्या नराची खुरटलेली शिंगे हे सगळे नेहमीच्या पसाऱ्यातच मोडते. हे वजा केल्यावर जे उरते ते खरे कोडे.

त्या कोड्याचा सगळ्यात ठळक नमुना युरोपातल्या रो हरणात सापडतो. कधी कधी एखाद्या नराच्या डोक्यावर फाटेदार शिंगांऐवजी गाठीगाठींचा मखमली ढीग वाढत राहतो. तो कडक होत नाही, सोलला जात नाही, गळत नाही. कपाळावरून डोळ्यांपर्यंत उतरतो. जर्मन शिकाऱ्यांना तो केसांच्या टोपासारखा दिसला, म्हणून त्याला पेरूक हे नाव पडले. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणात असेच घडते तेव्हा बारीक काटेरी टोकांनी भरलेल्या त्या शिंगांवरून लोक त्याला निवडुंग-नर म्हणतात. दोन्ही ठिकाणी कारण बहुतेक वेळा एकच निघते: वृषण निकामी झालेले असतात किंवा मुळात खाली उतरलेलेच नसतात. मखमल जिवंत त्वचा असल्यामुळे ती फाटते, चिघळते, माश्या तिच्यात अंडी घालतात, आणि पेरूक वाहणारा रो नर सहसा फार दिवस काढत नाही. थंड प्रदेशातल्या काही इतर जातींच्या अशा नरांत हिवाळ्यातल्या गोठणाऱ्या थंडीने वाढलेली टोके मरून तुटतात आणि पुढच्या वर्षी उरलेल्या बुंध्यातून आणखी वाढ फुटते.

वृषण आणि शिंग यांचे नाते माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राण्यांविषयीच्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की शिंगे येण्याआधी खच्ची केलेल्या हरणाला शिंगे येतच नाहीत, आणि शिंगे आल्यावर खच्ची केले तर ती तशीच राहतात, गळत नाहीत. पहिले विधान बरोबर आहे. दुसरे अर्धेच बरोबर आहे, आणि ते अर्धेपणच शिकवणारे आहे. नर मखमलीत असताना खच्ची झाला तर मखमल कायमची राहते. तेवढ्यापुरते ॲरिस्टॉटलचे खरे. पण शिंगे कडक झालेली असताना खच्ची केले तर ती काही आठवड्यांतच गळून पडतात आणि मग नवी शिंगे उगवतात ती कधीच कडक न होणारी. म्हणजे त्याच एका इजेचे तीन वेगवेगळे परिणाम होतात, आणि कुठला होईल हे ठरते शिंग त्या वेळी कुठल्या टप्प्यावर होते यावर. खुंटी घडवायला टेस्टोस्टेरॉन लागते, वाढ आवरायला आणि हाड कडक करायला ते लागते, कडक झालेले शिंग डोक्यावर टिकवून धरायलाही ते लागते. पण खुंटी एकदा तयार झाली की शिंग उगवायला मात्र त्याची चढती पातळी लागत नाही. उगवणे ही खुंटीची सवयच आहे. संप्रेरकाकडे आहे तो लगाम. खच्ची केलेल्या बैलाशी तुलना केली की हा फरक लख्ख दिसतो. बैलाची शिंगे वळूच्या शिंगांपेक्षा लांबही होतात, पण त्यांचा आकार शाबूत राहतो, कारण तिथे दरवर्षी सुरू करायचे आणि थांबवायचे काही नसतेच.

मादीकडे पाहिले तर हीच गोष्ट उलट बाजूने दिसते. पांढऱ्या शेपटीच्या हरणांत अधूनमधून शिंगे असलेली मादी सापडते. तिची शिंगे बहुधा लहान, मखमलीतलीच असतात, आणि अशा पुष्कळ माद्यांना पाडसेही होतात. संशोधकांनी माद्यांना टेस्टोस्टेरॉन देऊन शिंगे उगवून दाखवली आहेत. म्हणजे खुंटी घडवण्याची क्षमता मादीच्या कपाळातही असते. ती जागी होत नाही इतकेच. रेनडिअरमध्ये तर माद्यांना शिंगे असणे हाच नियम आहे. तेव्हा एका जातीत जे नवल ते दुसऱ्या जातीत नित्याचे, आणि दोघींमध्ये फरक आहे तो परवानगी कोण देते एवढाच.

आता प्रश्न असा की रानातल्या हरणाला कोण खच्ची करते? कुंपणाच्या तारेवरून उडी चुकते, झुंजीत मार बसतो, एखादा रोग वृषणांना इजा करतो. ही एकेकट्या नरांची कारणे झाली. पण अलास्कातल्या कोडियाक बेटाच्या दक्षिणेकडील अलियुलिक द्वीपकल्पात वेगळेच काही दिसले. तिथल्या सिटका काळ्या शेपटीच्या हरणांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. द्वीपकल्पावरच्या ९४ नरांपैकी ६१ नरांचे दोन्ही वृषण पोटातच अडकलेले होते, आणि या ६१ पैकी सुमारे ७० टक्क्यांची शिंगे विकृत होती. त्याच द्वीपसमूहात इतरत्र तपासलेल्या ६५ नरांमध्ये असे फक्त ५ निघाले. पोटात राहिलेल्या वृषणांमध्ये शुक्राणू तयार होत नव्हते आणि गाठींच्या सुरुवातीसारख्या पेशीही आढळल्या. संशोधकांनी दोन स्पष्टीकरणे समोर ठेवली. एक, या भागात आधी आलेल्या एखाद्या नरात किंवा मादीत जनुकीय बदल असावा आणि तो पिढ्यानपिढ्या तिथेच पसरला असावा. दुसरे, गाभण माद्यांच्या आहारातून, कदाचित किनाऱ्यावर त्या खात असलेल्या समुद्रशैवालातून, इस्ट्रोजेनसारखे काम करणारा एखादा पदार्थ पोटातल्या पाडसापर्यंत पोहोचत असावा. त्यांचा कल दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे होता, पण पहिले त्यांनी फेटाळले नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की इथे शिंग केवळ निशाण होते. बिघाड होता तो शिंगापासून फार दूर, आणि तोही जन्माआधी घडलेला. डोक्यावर वर्षानुवर्षे वाढत राहिलेला ढीग हा पोटात कधीही न सुटलेल्या एका आज्ञेचा दृश्य पुरावा होता.

इथे एक आक्षेप घेता येतो, आणि तो रास्त आहे. सगळा कारभार संप्रेरकांचा असेल तर बिघाड दोन्ही शिंगांत सारखाच दिसायला हवा, कारण रक्त दोन्हीकडे तेच जाते. प्रत्यक्षात कित्येक विचित्र शिंगे एकाच बाजूची असतात: उजवे सरळ, डावे आकड्यासारखे वळलेले. याचा अर्थ थांबण्याच्या आज्ञा एकाच ठिकाणाहून येत नाहीत. काही जागच्या जागी असतात. वाढत्या मखमलीला फांदीचा जबर ओरखडा बसला तर त्या ठिकाणी वळण किंवा जादा टोक येते. ते शिंग गळले की पुढचे पुष्कळदा सरळ येते. खुंटीलाच इजा झाली तर विकृती दरवर्षी परतते. याहून चक्रावणारी गोष्ट म्हणजे मागच्या पायाच्या इजेचा परिणाम. उजवा मागचा पाय मोडला तर अनेकदा विकृत होते ते डावे शिंग. शिकाऱ्यांना हे फार पूर्वीपासून दिसत होते आणि संशोधकांनी त्याची पद्धतशीर नोंदही केली आहे. रक्तातून जाणारा निरोप अशी बाजू ओळखू शकत नाही. मेंदू आणि मज्जातंतूंची मांडणी मात्र उजवी-डावी उलटापालट करते. म्हणून संशय तिकडेच जातो. अँथनी आणि जॉर्ज बुबेनिक या पितापुत्रांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली: वाढत्या शिंगाला एका वर्षी झालेल्या इजेची खूण काही वेळा पुढच्या वर्षांच्या शिंगांतही त्याच जागी उमटते, जरी इजा झालेले हाड केव्हाच गळून गेलेले असते. त्यांनी याला पोषणविषयक स्मृती असे नाव दिले. ही स्मृती नेमकी कुठे साठते यावर मतभेद असू शकतात. पण गळून गेलेल्या अवयवाची आठवण उरलेल्या शरीरात राहते, ही गोष्ट शिंगाच्या आराखड्याला केवळ संप्रेरकांच्या हिशेबात बसवू देत नाही.

आराखडा मग असतो कुठे? याचे उत्तर माणसाने मुद्दाम घडवलेल्या विचित्र शिंगांतून मिळाले. १९७४ साली हार्टविग आणि श्रुडे या जर्मन संशोधकांनी रो हरणाच्या कपाळावरच्या, खुंटी जिथे उगवणार त्या जागेच्या हाडावरचा पातळ पापुद्रा काढून त्याच्या पुढच्या पायावर बसवला. त्या पायावर शिंग उगवले. पुढे गॉस आणि इतरांनी हाच प्रयोग इतर जागांवर करून पाहिला, आणि तो पापुद्रा जिथे गेला तिथे शिंगाचा प्रयत्न झालाच. म्हणजे आराखडा कवटीत नाही, मेंदूत नाही, रक्तात नाही. तो हाडावरच्या नखाएवढ्या पापुद्र्यात आहे. तो आराखडा प्रत्यक्षात कसा उतरेल याला मात्र संप्रेरके, मज्जातंतू आणि अन्न यांची साथ लागते. २००८ साली इटलीतल्या प्रातो इथल्या नैसर्गिक विज्ञान केंद्राच्या आवारात कपाळाच्या मधोमध एकच शिंग असलेला रो नर जगभर गाजला, तेव्हा वृत्तपत्रांना दंतकथेतला एकशिंगी घोडा आठवला. त्याच्या जुळ्या भावंडाला दोन शिंगे होती. वरच्या प्रयोगांनंतर त्या नराकडे पाहिले की दंतकथा बाजूला पडते आणि प्रश्न सोपा होतो: दोन जागी पडायचे बी एकाच जागी पडले असावे.

२०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या जनुकसंचांचा मोठा तुलनात्मक अभ्यास आला आणि थांबण्याच्या प्रश्नाला नवी खोली मिळाली. शिंग वाढताना जी जनुके जोमाने कामाला लागलेली दिसतात त्यांत कर्करोगाला चालना देणारी म्हणून ओळखली जाणारी जनुके आहेत. आणि त्यांच्या जोडीला गाठींना आवर घालणारी जनुकेही हरणांत विशेष सक्रिय आहेत. निसर्गाने इथे आगीशी खेळ मांडला आहे, पण पाण्याची घागर शेजारी भरून ठेवून. २०२३ मध्ये चिनी संशोधकांनी शिंगाच्या कोंबातल्या मूलपेशी वेगळ्या करून उंदराच्या डोक्यावर रोवल्या, तर तिथेही शिंगासारखा हाडाचा उंचवटा तयार झाला. आता खच्ची केलेल्या हरणांच्या डोक्यावरचे ढीग पुन्हा आठवावेत. काही फॅलो हरणांत ते खऱ्या अर्थाने गाठींचे रूप घेतात. नेहमीचे शिंग आणि ही गाठ यांत पेशी त्याच, वेग तोच, रसद तीच. एकीला शेवट आहे, दुसरीला नाही. या हाडात हाडे जोडणाऱ्या आणि कर्करोग अभ्यासणाऱ्या दोन्ही प्रकारच्या डॉक्टरांना रस आहे तो याच कारणाने.

यावर शिकारीच्या जगातून येणारा आक्षेप असा की एवढे पाल्हाळ कशाला, वाकडे शिंग म्हणजे वाईट रक्त. असे नर टिपून काढले की कळप सुधारतो. हा समज जुना आहे आणि अनेक ठिकाणी त्यावर व्यवस्थापनाची धोरणे बेतली गेली. पुरावा त्याच्या बाजूने फारसा बोलत नाही. दक्षिण टेक्सासमधल्या एका मोठ्या रँचवर संशोधकांनी वर्षानुवर्षे कमी प्रतीच्या शिंगांचे नर कठोरपणे काढून टाकले आणि काही भाग तुलनेसाठी मोकळे ठेवले. शिंगांच्या आकारात अपेक्षित सुधारणा झाली नाही. त्याहून बोलका आहे साउथ डकोटातला, २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. तिथल्या ब्लॅक हिल्स या डोंगराळ भागातली पांढऱ्या शेपटीची हरणे राज्याच्या पूर्वेकडील सुपीक भागातल्या हरणांपेक्षा लहान आणि लहान शिंगांची. दोन्हीकडची पाडसे एकाच ठिकाणी, एकाच उत्तम आहारावर वाढवली. पहिल्या पिढीतले डोंगराळ नर तरीही लहानच राहिले, आणि इथे थांबले असते तर 'रक्ताचा दोष' सिद्ध झाला असे कोणीही म्हटले असते. पण त्यांच्या पुढच्या पिढीत, म्हणजे चांगले खाऊन वाढलेल्या मातांच्या पोटी जन्मलेल्या नरांत, शरीर आणि शिंगे दोन्ही ठळकपणे वाढली. नराच्या शिंगात त्याच्या आईची उपासमार लिहिलेली होती. वंशाचा वाटा नाही असा याचा अर्थ नाही. शिंगाचा मूळ आराखडा जातीजातीत वेगळा असतो तो वंशामुळेच. पण एकाच रानातल्या दोन नरांपैकी एकाचे शिंग बिघडलेले असेल तर आधी त्याचे अन्न, त्याच्या इजा आणि त्याचे वय तपासावे, जनुकांवर बोट सगळ्यात शेवटी ठेवावे.

अन्नाचा पुरावा तर शिंगांच्या आतच सापडतो. २००५च्या कडाक्याच्या हिवाळ्यानंतर स्पेनमधल्या लाल हरणांची शिंगे नेहमीपेक्षा जास्त मोडू लागली. तपासणीत मँगनीजची कमतरता पुढे आली, आणि तिचा माग थंडीने बाधलेल्या चाऱ्यापर्यंत गेला. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स खोऱ्यात ट्यूल एल्कांची शिंगे सर्रास मोडत होती, तिथेही बोट खनिजांच्या उणिवेकडेच गेले. जर्मनीत किएरडोर्फ बंधूंनी जुन्या संग्रहांतली रो हरणांची शिंगे तपासून औद्योगिक भागांत फ्लोराइड आणि शिसे वर्षागणिक कसे बदलत गेले ते काढले. शिंग काही महिन्यांतच बांधले जाते आणि मग गोठून जाते, त्यामुळे त्या काही महिन्यांच्या हवापाण्याची ती तारीख टाकलेली पावतीच ठरते.

पण याच ठिकाणी उलट टोकाचा आक्षेप भेटतो: तर मग प्रत्येक विचित्र शिंग म्हणजे प्रदूषणाचा पुरावा मानायचा का? तसे मानणेही तितकेच उतावळेपणाचे होईल. फ्लोराइडने भरलेले शिंग दिसायला अगदी सरळ असू शकते, आणि पूर्ण स्वच्छ डोंगरावरच्या नराचे शिंग मोडलेल्या पायामुळे वाकडे असू शकते. एका शिंगावरून एका जनावराचे चरित्र थोडेफार वाचता येते. प्रदेशाचे चरित्र वाचायला मोजणी लागते. अलियुलिकचे महत्त्व तिथल्या एखाद्या नराच्या भयंकर शिंगात नव्हते. ते होते ९४ पैकी ६१ आणि ६५ पैकी ५ या दोन आकड्यांच्या शेजारशेजारच्या मांडणीत. तुलनेसाठी बाजूचा आकडा नसेल तर विचित्र शिंग हे केवळ भिंतीवर टांगण्याचे कुतूहल उरते.

भारतात अशी मोजणी उभी करणे निदान तत्त्वतः अवघड नाही. मेळघाट, ताडोबा, पेंच किंवा कान्हा इथे पर्यटक आणि वनकर्मचारी रोज चितळ-सांबरांची असंख्य छायाचित्रे काढतात. त्यांत विचित्र शिंगांच्या चित्रांची गंमत होते, पण सोबत तारीख, जागा, बाजू उजवी की डावी, शिंग कडक की मखमलीत, नर लंगडत होता का, एवढ्या पाच गोष्टी लिहिल्या गेल्या तर गमतीची नोंद होईल. आणि त्याच दिवशी सरळ शिंगांचे किती नर दिसले हेही लिहिले तर नोंदीला वजन येईल. गळलेली शिंगे मात्र रानातच राहू द्यायची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती उचलण्या-विकण्याला बंदी आहे, आणि रानालाही त्यांची गरज असते. साळिंदर ती कुरतडते, हरणे स्वतःही चघळतात, आणि नराने फासळ्यांतून उसने काढलेले कॅल्शियम अशा वाटेने पुन्हा जंगलाच्या खात्यात जमा होते.

पाचोळ्यात पडलेल्या अशा एखाद्या साध्या, तीन टोकांच्या सांबरशिंगाचे बूड पाहावे. तिथे खडबडीत कडे असते आणि त्याच्या आत हाड जिथून सुटले ती जागा. त्या सांध्यापर्यंत येईतो शरीराने कित्येक निर्णय घेतलेले असतात: किती लांब वाढायचे, कुठे फाटा काढायचा, कधी रक्त तोडायचे, कधी सोडून द्यायचे. यांतला एक जरी राहिला असता तर हे शिंग कुणाच्या तरी छायाचित्रात झळकले असते. सगळे वेळेवर झाले, म्हणून ते इथे निनावी पडले आहे. आणि ज्याच्या डोक्यावरून ते पडले त्या नराच्या खुंटीवर एव्हाना नवी कातडी धरू लागली आहे.